सहा वर्षांची चोरी

नालासोपाऱ्याच्या स्तूपावर बुद्धपौर्णिमेला आपल्या माणसांची गर्दी होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाखालून हा स्तूप उजेडात आणला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळायला मात्र १९५६ साल उजाडावे लागले. तो भुईगावात सापडला. (धम्मदीक्षेचेच वर्ष, हा योगायोग आमच्या मनातून जात नाही.) स्तूपावर जाणाऱ्यांपैकी किती जणांना हा नववा शिलालेख काय सांगतो हे ठाऊक आहे?

अशोक त्यात 'मंगल' म्हणजे काय याची चर्चा करतो. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना आणि मूल जन्मल्यावर लोक नाना प्रकारचे विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे, असे तो म्हणतो. मग खरे मंगल कोणते? त्याच्या यादीत दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे पहिल्याच ओळीला येते. बावीसशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर दगडात कोरून ठेवले गेले, की मुलाच्या जन्माच्या सोहळ्यापेक्षा राबणाऱ्या माणसाला कसे वागवता ते महत्त्वाचे. आज त्याच सोपाऱ्यात बारशाचे बॅनर चौकाचौकात लागतात आणि राबणाऱ्या बाईचे दोन वर्षांचे मूल मात्र सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिवस काढते.

आम्हाला या लेखात त्या दोन वर्षांच्या मुलाबद्दल बोलायचे आहे, आणि त्या सात वर्षांच्या बहिणीबद्दलही.

आपल्या तरुणांमध्ये एक समज पक्का बसला आहे. बालवाडी, अंगणवाडी, पोषण आहार हे 'एनजीओवाल्यांचे' विषय, आणि आपला विषय म्हणजे आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा, परदेशी शिक्षण. बाबासाहेबांनी उच्च शिक्षणावर भर दिला होता, असा दाखलाही दिला जातो. दाखला खोटा नाही. ८ जुलै १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. सत्तेच्या, निर्णयाच्या जागांवर आपली माणसे बसली पाहिजेत हा त्यामागचा विचार होता आणि तो बरोबरच होता. पण बाबासाहेब एवढेच म्हणाले, असे सांगणे म्हणजे अर्धे बाबासाहेब सांगणे आहे.

जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे बाबासाहेब आणि रमाई यांनी लहानपणीच गमावली. खुद्द बाबासाहेब हे रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य, आणि त्या चौदांपैकी जगली-वाचली ती थोडीच. आपण हे सगळे रमाईच्या त्यागाची कथा म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. पण ही एका घराची शोकांतिका नव्हती. परळच्या चाळीतल्या, गावकुसाबाहेरच्या प्रत्येक घराचा हा हिशेब होता, आणि तो बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडला.

राजरत्न जाऊन आठ महिनेही पुरते झाले नव्हते. १२ मार्च १९२७ ला मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. महाडला चवदार तळ्यावर जायला अजून आठ दिवस होते. त्या भाषणात बाबासाहेबांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूतून, त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. 'लेकरांवरच्या खर्चाला पैसा नाही' असे सांगणाऱ्या प्रत्येक सरकारला हाच प्रश्न आजही विचारता येतो.

ब्याऐंशी मुले कुठे गेली? गुरे राखायला, मोळी आणायला, धाकट्याला सांभाळायला. गळती पहिलीत सुरू होत नाही, तिची तयारी त्याच्याही आधी झालेली असते. जे मूल अर्धपोटी वाढले, ज्याच्याशी बोलायला, खेळायला दिवसभर मोठे माणूस नव्हते, ते शाळेच्या दारात येते तेव्हाच मागे पडलेले असते. मग मास्तर म्हणतो, 'यांची पोरं मठ्ठच.' हा शेरा आपल्यापैकी किती जणांनी ऐकला आहे ते वेगळे सांगायला नको.

पुढच्या वर्षी, २८ जुलै १९२८ ला, कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. आणि मालक? ज्या मालकाला बाईच्या कामातून फायदा होतो त्यानेही वाटा दिला पाहिजे. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा या वादातून आला. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांनी तयार केला आणि पी. जे. रोहम यांनी तो विधानसभेत मांडला. ठराव फेटाळला गेला. पण आईच्या शरीरापासून मुलाच्या शाळेपर्यंतची ओळ बाबासाहेबांच्या डोक्यात एकच होती, हे यावरून कळते.

याही आधीची मुळे जोतीरावांकडे जातात. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले. त्यानंतर पाच वर्षांनी जोतीरावांनी हंटर आयोगासमोर सांगितले की बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, कारण सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि त्याच्या पोराच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. गोखल्यांचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात पडले होते ते त्याच्या पाचच वर्षे आधी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

१९४५ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली त्याच वर्षी इकडे, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, दोन गोष्टी घडत होत्या. तलासरीकडच्या झरी गावात वारली जमले आणि वेठ, लग्नगडी हे यापुढे चालणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. लग्नगडी म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावे लागेल. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवरा-बायको दोघांनी ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. ते फिटत नसत, कारण हिशेबाची वही सावकाराची आणि अक्षर ओळखणाराही तोच. या जोडप्याच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच त्या वहीत गेलेले असे. 'गरिबीचे चक्र' म्हणतात ते आपल्या जिल्ह्यात असे होते. ते आपोआप फिरत नव्हते, त्याला हात लावून फिरवणारी माणसे होती.

आणि त्याच १९४५ मध्ये, त्याच किनाऱ्यावर, बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या. ताराबाई तोवर गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करून, दादरला शिशुविहार चालवून आलेल्या होत्या. मादाम माँटेसरींची पद्धत शहरातल्या सुखवस्तू घरांत रुजली होती. लाकडी साधने, छोट्या खुर्च्या, स्वच्छ मुले. ती खेड्यात, तेही वाडी-पाड्यावर कशी न्यायची हा प्रश्न होता.

याचे उत्तर त्यांना कामातून मिळाले. गावाच्या मध्यभागी ठरलेल्या वेळेत भरणारी बालवाडी काढली तर वाडीतली, पाड्यावरची, म्हणजे दलित-आदिवासी मुले तिथपर्यंत येत नाहीत. का येत नाहीत हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. गावाचा मध्यभाग कुणाचा असतो? तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, असे ठरले. वस्तीतल्या कुणाच्या तरी अंगणात, त्या वस्तीला सोयीच्या वेळी बालवाडी भरू लागली. आज देशभर लाखो केंद्रांवर जी पाटी लागते त्या 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम हा आहे. साधनेही बदलली. शिंपले, बिया, पाने, गोटे, काड्या, माती घेऊन मोजणे आणि मांडणे सुरू झाले.

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच जागी. यामागचे कारण असे, की मोठी बहीण शाळेत येत नाही कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. तिला शाळेत आणायचे तर त्या भावंडाचीही सोय झाली पाहिजे. मुलींच्या गळतीवर गेल्या पन्नास वर्षांत जेवढे अहवाल निघाले त्यांपैकी बहुतेकांपेक्षा या एका व्यवस्थेत अधिक शहाणपण आहे. दुर्दैवाने सरकारने शब्द उचलला अंगणवाडीचा, आणि विकासवाडी टेकडीवरच राहिली.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही त्यांच्या कामाचा आदर करतो. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताईंनी ब्राह्मणी रूढीने आखलेले आयुष्य नाकारले आणि सत्तेचाळीस वर्षे या जिल्ह्यात काढली, हे साधे नाही. पण आदर ठेवूनही एक प्रश्न विचारला पाहिजे. झरीत जे चालू होते आणि बोर्डीत जे चालू होते, त्यांची एकमेकांशी गाठ का पडली नाही? एकीकडे जमीन आणि मजुरीची लढाई होती, दुसरीकडे मुलांच्या हाती शिंपले होते. सेवेच्या परंपरेत मुलाचे हात धुतले जातात, नखे कापली जातात, गाणी शिकवली जातात, पण त्याच्या बापाच्या गळ्यातला फास सैल करायचे काम 'राजकारण' ठरते. आणि लढ्याच्या परंपरेत फास कापला जातो, पण दोन वर्षांचे मूल दिवसभर कुणाकडे असते हा प्रश्न 'बायकांचा' ठरतो. बाबासाहेबांकडे ही फाळणी नव्हती. १९२७ च्या मार्च महिन्यात ते चौथीच्या गळतीवरही बोलले आणि चवदार तळ्यावरही गेले.

याचा कायद्यातला पुरावा २३ नोव्हेंबर १९४८ चा आहे. संविधान सभेत शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालली होती. चौदा वर्षांपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण, असा मसुदा होता. एका सदस्याची सूचना होती की हे फक्त प्राथमिक शिक्षणापुरते ठेवा. बाबासाहेबांनी ती नाकारली आणि कारण दिले ते शिक्षणशास्त्राचे नव्हते, मजुरीचे होते. दुसऱ्या एका कलमाने आपण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला मनाई करतो आहोत, मग ते मूल चौदा वर्षांपर्यंत कुठल्या तरी शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, नाहीतर त्या मनाईला अर्थ काय? बालमजुरी आणि शाळा ही एकाच दाराची दोन फळ्या आहेत हे त्यांना दिसत होते. त्याच चर्चेत या कलमातला 'हक्क' हा शब्द काढून ते मार्गदर्शक तत्त्वात राहू द्यावे ही दुसरी दुरुस्ती त्यांनी मान्य केली, हेही खरे आहे. पण दहा वर्षांत हे करा अशी मुदत घातलेले मार्गदर्शक तत्त्व हेच एक होते.

आता त्या ४५ व्या कलमाची भाषा नीट पाहा. 'चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना.' वरची मर्यादा आहे, खालची नाही. सहा वर्षांपासून असे कुठेही म्हटलेले नाही. तीन वर्षांचे मूल त्यात होते, एक वर्षाचेही होते.

दहा वर्षांची मुदत १९६० ला संपली. तेव्हा काहीच झाले नाही. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. तिथेही खालची मर्यादा नव्हती. म्हणजे त्या दिवशी कागदावर का होईना, आपल्या दोन-तीन वर्षांच्या लेकरांचाही दावा उभा राहिला होता. मग २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. '२१ अ' हे नवे कलम आले, शिक्षण मूलभूत हक्क झाला, सगळीकडे पेढे वाटले गेले. पण कुणासाठी? सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. सहाखालच्यांना उचलून बदललेल्या ४५ व्या कलमात टाकले, जिथे राज्य फक्त 'प्रयत्न' करणार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमात तर सरकार पूर्वप्राथमिकची सोय 'करू शकेल' एवढीच भाषा आहे. करील असे नाही, करू शकेल.

आम्ही याला सहा वर्षांची चोरी म्हणतो. बाबासाहेबांच्या कलमातून आयुष्याची पहिली सहा वर्षे कापून काढली गेली आणि आपण मूलभूत हक्काच्या आनंदात ते पाहिलेच नाही. श्रीमंताच्या मुलाला याने फरक पडला नाही. त्याच्यासाठी नर्सरी, ज्युनियर केजी, सीनियर केजी होतेच. फरक पडला तो ज्याला अंगणाशिवाय काही नाही त्याला.

आणखी एक योगायोग पाहा. लोकसभेने ही घटनादुरुस्ती मंजूर केली तो दिवस २८ नोव्हेंबर २००१. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात आदेश दिला की प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असली पाहिजे आणि सहाखालच्या प्रत्येक मुलाला आहार मिळाला पाहिजे. संसद जे दारातून बाहेर काढत होती ते न्यायालय खिडकीतून आत घेत होते.

अंगणवाडी योजना, म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजना, त्याआधीच सुरू झालेली होती. २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ प्रकल्पांपासून. आणीबाणीचा काळ. त्याच महिन्याच्या अखेरीस वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेशही निघाला. झरी आणि बोर्डी दिल्लीत पहिल्यांदाच एकाच महिन्यात भेटले म्हणायचे, पण कागदावर. आपल्या वसई तालुक्यातच वेठबिगारी शिल्लक होती आणि ती मोडायला १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली. तिच्याच जोडीच्या विधायक संसदेने पुढे वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचे मजुराचे तात्पुरते खोपटे. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडीकडच्या भट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि मूल असते भट्टीवर, राखेत. वजन गावात घ्यायचे की इथे? आहार कुणी द्यायचा? सहा महिने ते मूल कुणाच्याच वहीत नसते. लग्नगड्याचे मूल निदान सावकाराच्या वहीत होते, असे कडवटपणे म्हणावेसे वाटते.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा मुंबईहून मंत्री, पत्रकार, सगळे धावले. योजना आल्या. २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. ती चांगलीच आहे, गरोदर आणि स्तनदा आदिवासी मातेला एक वेळचा चौरस आहार मिळतो. पण राज्याचा आकडा काय सांगतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली वयाच्या मानाने खुजी राहिलेली पाच वर्षांखालची मुले २०१५-१६ ला ३४.४ टक्के होती. २०१९-२१ ला ती ३५.२ टक्के झाली. देशातल्या श्रीमंत राज्यात दर तीन मुलांमागे एकापेक्षा जास्त. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांच्या अभ्यासात तर असे दिसले की जिथे अस्पृश्यता पाळल्याचे लोक अधिक सांगतात, तिथे सवर्ण मुले आणि दलित मुले यांच्या उंचीतले अंतरही मोठे असते. म्हणजे जात मुलाच्या हाडांत उतरते. हे ज्यांना अतिशयोक्ती वाटते त्यांनी अंगणवाडीतली उंची-वजनाची नोंद काढून पाहावी.

हल्ली या विषयावर 'गुंतवणूक' हा शब्द फार ऐकू येतो. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी तो प्रतिष्ठित केला. त्यामागे मिशिगनच्या इप्सिलँटी गावातला एक प्रयोग आहे. १९६२ पासून तिथे गरीब घरांतल्या १२३ कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास झाला. ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली, ६५ मुलांना नाही. ती चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालवाडीत गेलेली अधिक शिकली, अधिक कमावू लागली, त्यांना अटकही कमी झाली. जमैकात खुज्या राहिलेल्या १२९ मुलांपैकी काहींच्या घरी वस्तीपातळीवरच्या आरोग्य सेविका दर आठवड्याला तासभर जात आणि आईला मुलाशी खेळायला शिकवत. हे दोनच वर्षे चालले. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली.

हे पुरावे आपण वापरले पाहिजेत, पण सावधपणे. एक रुपया घातला तर किती रुपये परत येतात या हिशेबावर मुलाचा हक्क उभा केला, तर उद्या कुणीतरी हिशेब मांडून सांगेल की अमुक पाड्यावर परतावा कमी आहे, केंद्र बंद करा. कमी पटाच्या शाळांबाबत हा युक्तिवाद आपण ऐकलेलाच आहे. पोट भरलेले असणे, कुणीतरी गाणे म्हणणे, गोष्ट सांगणे हे तीन वर्षांच्या मुलाला मिळाले पाहिजे ते आजच्या आज, ते मूल मूल आहे म्हणून. पुढे ते कर भरील की नाही हा नंतरचा प्रश्न. आणि दुसरे असे की इप्सिलँटीच्या मुलांना बालवाडी मिळाली म्हणून अमेरिकेतला वर्णद्वेष संपला नाही. बालवाडी जमिनीच्या, मजुरीच्या, जातीच्या लढ्याऐवजी नाही, तिच्यासकट तो लढा आहे.

ही बालवाडी चालवते कोण? वस्तीतलीच बाई. तिला कामगार म्हणायचे नाही, 'सेविका' आणि 'मदतनीस' म्हणायचे. पगार म्हणायचा नाही, 'मानधन' म्हणायचे. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की अंगणवाडी सेविका हे सरकारी पद नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या निकालात सांगितले की देशात १४ लाख अंगणवाड्या उभ्या करा. काम हवे, कामगार नको. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला तेव्हा कुठे थोडी फट पडली. आपल्या राज्यात ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका संपावर गेल्या तेव्हा आपल्यातल्याही काही जणांनी 'पोरांचे हाल होतात' अशी कुरकुर केली. ज्यांच्या आज्या गावगाड्यात मोबदल्याच्या नावाखाली शिळ्यापाक्यावर राबल्या, त्यांना मानधन या शब्दातली फसवणूक लगेच कळायला हवी होती. बलुते आणि मानधन यांत फार अंतर नाही.

वसई-विरारचा प्रश्न पाड्यापेक्षा वेगळा आहे. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि नंतर नालासोपारा पूर्वेला चाळींमागून चाळी वाढतच गेल्या. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली आपली कुटुंबे, मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कष्टकरी कुटुंबे. इथे अंगण नाही, म्हणून अंगणवाडी भाड्याच्या खोलीत. बाई पहाटेची लोकल पकडून बोरिवली-अंधेरीला घरकामाला जाते, किंवा वालीव-सातिवलीच्या गाळ्यात पॅकिंगला. अंगणवाडी भरते काही तास, तिची पाळी बारा तासांची. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आले, ५० महिला कामगारांची अट घालून. १९७६ मध्ये ती ३० वर आली. गाळ्यात बाया असतात वीस. आणि घरकामगार बाईच्या मालकिणीला तर कुठलाच कारखाना कायदा लागत नाही. म्हणून कोसबाडची विकासवाडी, पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छपराखाली, ही आज नालासोपाऱ्याची गरज आहे.

मधल्या पोकळीत बाजार शिरला आहे. गल्लीतल्या दहा बाय पंधराच्या खोलीत 'इंग्लिश मीडियम नर्सरी', फी महिन्याला, वर टाय आणि बूट. आई पोट मारून ती भरते, कारण अंगणवाडीत 'फक्त खिचडी मिळते' असे तिला वाटते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा हा एक मार्ग होता, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधले महिने पालकांनी कसे काढले ते शाळांच्या दारात उभ्या राहिलेल्यांना विचारा.

आपल्या वस्त्यांत विहारे आहेत. रविवारची वंदना, जयंतीची तयारी, वर्षावासाचे ग्रंथवाचन एवढे सोडले तर अनेक विहारांचे दार आठवडाभर बंद असते. भाड्याच्या कोंदट खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला विहाराचे सभागृह सकाळी देता येईल. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुले येतील, यावीतच. ते धम्माच्या विरुद्ध आहे असे कुणाला वाटत असेल तर सोपाऱ्याचा नववा शिलालेख पुन्हा वाचावा.

आणि ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही तिथे काय? १३ डिसेंबर २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झोपडपट्टीवासीयांना आणि ग्रामीण वस्त्यांना 'मागणीनुसार अंगणवाडी'चा अधिकार दिला आहे. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले असतील आणि केंद्र नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते मिळाले पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायचे आहे, हेही त्यातच आहे. नालासोपाऱ्याच्या बहुतेक चाळ-समूहांत ४० हा आकडा दोन-तीन गल्ल्यांतच भरेल. वही घ्यावी, दारोदार जावे, मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव आणि ती किती वाजता कामावर जाते ते लिहावे. यादी जोडून अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावा आणि प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.